‘उद्या कापून आणतो’ म्हणाला, तर ती काच घेऊ नका

नमस्कार ताई,

खानापूरच्या नव्या घरात हॉल आणि व्हरांड्याच्या मध्ये काचेचं दार बसवायचंय, दुकानदार म्हणतोय “आठ एमएमची साधी काच भरपूर जाड झाली, टफनला पैसे कशाला घालता”, आणि घरात चार वर्षांची नात आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि हातातलं काम तसंच ठेवून बसले लिहायला. सात वर्षांपूर्वी बेळगावात वडगावला आमचं घर झालं तेव्हा हेच वाक्य मीही ऐकलंय.

मी इंजिनिअर नाही, काचेचा धंदाही करत नाही. घरात जे घडलं आणि नंतर जे विचारून-वाचून घेतलं, तेवढंच सांगते. टफन म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच आणि लॅमिनेटेड म्हणजे मध्ये पापुद्रा घालून जोडलेल्या दोन काचा, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण दुकानदाराचं ते जाडीचं बोलणं मनातून काढून टाका. साधी काच बारा एमएमची घेतली तरी फुटताना तिचे सुरेच होतात. उलट जाड काचेचा तुकडा जास्त वजनाचा असतो.

आता आमची चूक. आम्ही टफनच सांगितली होती, पैसेही टफनचेच मोजले. ॲल्युमिनियमच्या चौकटीचं, पूर्ण काचेचं दार. फॅब्रिकेटरने माप घेतलं तेव्हा खाली नुसता कोबा होता. मागाहून फरशी बसली, खाली सिमेंटचा थर जरा जास्त पडला आणि लेव्हल पाऊण इंच वर आली. दार आलं ते बसेना. वास्तुशांत चार दिवसांवर, पाहुणे निपाणी-कोल्हापूरकडून निघायच्या बेतात. तो म्हणाला, “वहिनी, टेन्शन घेऊ नका, उद्या कापून आणतो.” दुसऱ्या दिवशी आणलं, अगदी मापात बसलं. मी त्याला चहा दिला, दोनदा आभार मानले.

टफन काच कापता येत नाही, ताई. अजिबात नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत मारतात, त्याने बाहेरचा थर आवळला जातो आणि आतला ताणलेला राहतो. तिची सगळी ताकद त्या ताणात असते. काच कापायची हिरकणी किंवा ड्रिल लावून थर भेदला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा क्षणात चुरा होतो. म्हणून माप, भोकं, कडा घासणं, कडीची खाच, सगळं भट्टीत जाण्याआधीच व्हावं लागतं. ‘कापून आणलेली’ आमची काच म्हणजे दुसरीच साधी काच होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो बोलला नाही.

एक गोष्ट आजही खुपते. पहिल्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात टफन असल्याचा पांढुरका बारीक शिक्का होता, नखाने खरवडला तरी न जाणारा. पूजेच्या आदल्या रात्री नवी काच मीच पुसली. तो कोपरा कोरा दिसला. दार उलटं बसवलं असेल, शिक्का वरच्या अंगाला गेला असेल, असं मनाशी म्हटलं आणि फडकं पुढे फिरवलं. तिथेच थांबून विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दोन वर्षांनी जुलैत, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, वाऱ्याने दार आपटायला लागलं म्हणून माझा अकरा वर्षांचा भाचा हात पुढे करून धरायला गेला. हात आरपार. वरचा कोयत्यासारखा लांब तुकडा चौकटीतल्या रबराला धरून तसाच लटकत राहिला, आणि पोराला मागे ओढल्यावर तो जिथे उभा होता तिथेच खाली आला. मनगटाच्या वर अकरा टाके पडले, एक शीर जोडावी लागली. आज तो सोळाचा आहे. उजव्या हाताची करंगळी अजून पूर्ण मिटत नाही.

त्यानंतर मी बिल काढलं. त्यावर काय, तर ‘काच 8 एमएम, 1 नग’. टफन हा शब्दच नाही. दुकानदार म्हणाला, तुम्ही जे मागितलं ते दिलं. एका कार्यालयात गेले तर पहिल्यांदा बिल आणा म्हणाले, दुसऱ्यांदा बिलावर तसं लिहिलेलं नाही म्हणाले, तिसऱ्यांदा मराठीतला अर्ज परत दिला आणि कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. लिहून घेऊन गेले तर तो साहेब बदलून गेलेला. टाक्यांचा हात गळ्यात बांधलेलं पोर सोबत होतं, त्याच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नाही. नंतर कळलं की ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कायद्याने दोन वर्षं मिळतात. माझे महिने त्या कार्यालयाच्या बाकावर गेले. तुमच्यावर वेळ येऊ नये, आली तर थेट तिकडे जा.

म्हणून माझं मत, आणि यात मी हट्टी आहे: फरशी, स्कर्टिंग, उंबरा सगळं झाल्याशिवाय मापाची टेप लावू देऊ नका. मुहूर्त असला तर पडदा लावून वास्तुशांत करा, काच महिन्याने येऊ दे. माप चुकलं तर नवी काचच करायची, आणि तो खर्च कुणाचा हे आधीच कागदावर घ्या. बिलावर ‘टफन’ आणि ‘आयएस 2553’ दोन्ही लिहून घ्या. भारतात सेफ्टी काचेचं मानक तेच आहे. काच आली की चौकटीत जायच्या आधी शिक्का बघा, मोबाइलवर फोटो काढा. कागदी स्टिकर धरू नका, तो कुठल्याही काचेला चिकटतो.

टफन की लॅमिनेटेड, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमचं दार तळमजल्यावर आणि आत आहे, तिथे टफन पुरे. फुटली तर साखरेच्या खड्यांसारखे बोथट दाणे होतात. खरचटेल, पण शीर तुटायची भीती फार कमी. वरच्या मजल्याच्या गॅलरीकडे किंवा थेट रस्त्याकडे उघडणारं दार असेल तर लॅमिनेटेड बघा. दोन काचांमधला पापुद्रा तुकडे धरून ठेवतो, भोक पडून कुणी बाहेर जात नाही आणि चोरालाही वेळ लागतो. फक्त खानापूरच्या पावसात तिची कड सतत ओली राहिली तर कडेने पांढरट डाग धरतात, तेव्हा खालच्या पट्टीतून पाणी निघून जायला वाट ठेवायला सांगा.

टफनचं एक दुखणं माहीत असू दे. मधोमध ती धक्का सोसते, पण कोपऱ्याला नाही. उतरवताना कोपरा फरशीवर टेकला की संपलं. खाली लाकडाची पट्टी नाहीतर पोतं हवंच. आणि क्वचित कधी आतल्या दोषामुळे आपोआपही फुटते, तेव्हा फुटली म्हणजे फसवलं असं लगेच धरू नका.

वजनाचा हिशेबही करा. सात बाय तीन फुटांचं आठ एमएमचं दार नुसत्या काचेचंच चाळीस किलोच्या आसपास भरतं, बिजागऱ्या त्या मानाने घ्या. वारा धरणारा स्टॉपर पहिल्या दिवसापासून लावा. आणि काचेवर दोन उंचीवर पट्टी चिकटवा, एक मोठ्यांच्या डोळ्यांसमोर आणि एक नातीच्या. स्वच्छ काच पळत्या पोराला दिसत नाही.

शेवटी तुम्ही जुन्या घरातल्या सागवानी दाराच्या काचेबद्दल विचारलंय. ती साधीच असणार. लगेच बदलणं जमत नसेल तर आतून सेफ्टी फिल्म, म्हणजे काचेला चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा, लावून घ्या, फुटली तरी तुकडे बरेचसे धरून राहतात. ती टफनची बरोबरी करत नाही, पण नात सुट्टीला येण्याआधी एवढं नक्की करा. लावणाऱ्याला म्हणावं, फिल्म रबराच्या अगदी कडेपर्यंत ने. आमच्याकडे नंतर खिडक्यांना लावली तेव्हा त्याने बोटभर जागा सोडली होती, ती मी काढून परत लावून घेतली.