बुजरी भाटी, ताजे टाके

मांजरांबद्दलची पत्रं पूर्वी बहुतेक "नसबंदी करावी का?" अशी असायची. या खेपेला आलेली पत्रं ऑपरेशन झाल्यानंतरची आहेत, आणि जवळजवळ सगळी अशा मांजरांची, जी माणसाच्या हाताला येतच नाहीत. कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) जन्मलेली, माळ्यावर वाढलेली, धारेच्या वेळी येऊन वाटी चाटून पसार होणारी. घरात लाडात वाढलेल्या मांजराची करतो तशी शुश्रूषा यांची करायला गेलं की मांजरही हैराण आणि माणसंही हैराण. म्हणून ही पत्रं एकत्रच घेतली.

प्रश्न : काल आमच्या भाटीची (मांजरीची) नसबंदी केली. घरी येऊन पिशवी उघडताच ती धान्याच्या कोठीमागे शिरली. कालपासून काही खाल्लं नाही. टाके पाहायला मामंजींनी ओढून काढली तर फिसकारली अन् पुन्हा आत. डॉक्टरांनी टाक्यांवर लक्ष ठेवा म्हटलं, पण ठेवायचं कसं? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

ओढून काढणं आधी बंद करा. त्या झटापटीत आतला टाका सुटू शकतो, आणि कोठीमागचा कोपराही आता सुरक्षित नाही एवढंच तिला कळतं. मग ती याहून अडचणीच्या जागी जाते, पाटणीवर नाहीतर थेट घराबाहेर. ताज्या टाक्यांचं मांजर घराबाहेर गेलं तर आपल्या हातात काही उरत नाही.

एक लहान खोली रिकामी करा. न्हाणीघर कोरडं असेल तर उत्तम. मोरीचं भोक वीट लावून बुजवा, फिनाईल मारलेलं असेल तर साध्या पाण्याने दोनदा धुऊन काढा, कारण फिनाईल पायाला लागून चाटलं गेलं तर मांजराला विषारी ठरतं. एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, तोंड भिंतीकडे अर्धं वळवून, आत जुनं लुगडं. खोका नसेल तर हीच भाटी संडासाच्या भांड्यामागे जाऊन बसेल. नेदरलँड्समध्ये 2014 साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास झाला, त्यात लपायला खोका मिळालेली मांजरं बाकीच्यांपेक्षा लवकर निवळली. लपणं हा तिचा हट्ट नाही, तिच्या उपचाराचाच भाग समजा.

कोठीमागून खोलीत आणायचं काम एकदाच करायचं आणि एकाच माणसाने. पोरांना सपरीत पाठवा, दारं लावा, जाड चादर वरून टाका आणि चादरीसकट अख्खं गाठोडं उचला. मानगूट धरून लोंबकळत नेऊ नका, पोटावरचा टाका ताणतो.

आता पाहायचं कसं. दारातून, आणि मोबाईलने. झोपलेली असताना छातीची हालचाल मोजा. मिनिटाला 15 ते 30 श्वास ठीक. निवांत पडलेली असूनही 40 च्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन करा. चेहरा पाहा. माँट्रियलच्या पशुवैद्यकांनी 2019 मध्ये मांजराच्या वेदनेची चेहऱ्यावरची पाच लक्षणं निश्चित केली: कान बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेले, डोळे आकसलेले, नाका-तोंडाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्याच्या खाली गेलेलं. भीतीतही कान पडतात, पण घाबरलेल्या मांजराचे डोळे टक्क उघडे असतात आणि दुखणाऱ्याचे अर्धवट मिटलेले. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तर त्यांनाही अंदाज येतो. टाके कुशीवर घातले असतील तर तेही लांबून दिसतात. पोटाखाली असतील तर ती अंग पसरून झोपेल तेव्हाच संधी. कडेला थोडी लाली, किंचित सूज चालते. पू, वास, उघडलेली जखम, थेंब थेंब रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका.

खाण्याचं मात्र गंभीर आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि मग ऑपरेशनपेक्षा तेच जड जातं. लठ्ठ भाटीला हा धोका जास्त. 24 तास झाले आणि घासही गेला नाही तर डॉक्टरांना कळवायचंच. त्याआधी एवढं करून पाहा: बुजरं मांजर माणसासमोर खात नाही, म्हणून रात्री दिवा मालवून, उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे कोमट करून खोक्याच्या तोंडाशी ठेवा आणि निघून या. किती ठेवलं ते लक्षात ठेवा आणि सकाळी पाहा. कोंबडी नुसत्या पाण्यात उकडलेली हवी. रात्रीच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणारे पुष्कळ आहेत. कांदा-लसूण धुऊन जात नाही, आणि त्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. सावजी रस्सा आपल्यासाठी ठेवा.

शू-शीसाठी घमेल्यात कुटार (भुसा) किंवा माती नको, दोन्ही टाक्यांना चिकटतात. आठ-दहा दिवस फाडलेला पेपर घाला. सहसा 24 तासांत लघवी व्हायला हवी. बोका असेल आणि पुन्हा पुन्हा बसून थेंबही येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मूत्रमार्ग तुंबला असेल तर जीव जातो.

प्रश्न : गोळी काही केल्या पोटात जात नाही, फेस काढते. आता वाटीतल्या दुधालाही तोंड लावत नाही. कण्हते असं वाटलं म्हणून शेजारच्या काकू म्हणाल्या, तापाची अर्धी गोळी दे. देऊ का? (वरुड)

नाही. अर्धी नाही, पाव नाही. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही. एका गोळीने मांजर मरतं. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा आणि डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा. लवकर पोचलात तर उतारा आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही तसेच घातक. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन तर गिधाडं संपत आली, म्हणून 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, तरी घरातल्या पेटीत ते असतंच. मांजरासाठी वेदनाशामकं वेगळी आहेत, त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

फेस काढणं हे बहुतेक वेळा कडू चवीमुळे. मेट्रोनिडॅझोलसारखी प्रतिजैविकाची गोळी तोंडात फुटली की मांजर दहा मिनिटं लाळ गाळतं, त्याला विषबाधा समजून घाबरू नका. पण सगळ्या दुधात गोळी कुस्करली तर ती दूधच टाकून देते, तुमच्याकडे तेच झालंय. खाण्याची वाटी औषधापासून वेगळी ठेवा. भुकेच्या वेळी कोंबडीचा किंवा उकडलेल्या मासळीचा छोटा गोळा साधा द्या, दुसऱ्यात गोळी लपवा, तिसरा पुन्हा साधा, आणि तिन्ही लागोपाठ. दुसरा चावायच्या आत तिसरा दिसला पाहिजे. डॉक्सिसायक्लिन लिहून दिली असेल तर एक जपायचं: ही गोळी कोरडी गेली तर अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो, पुढे नळी आकसते. तिच्यामागून चमचाभर पाणी किंवा पातळ खाणं गेलंच पाहिजे.

सगळं करूनही जमत नसेल तर झुंजत बसू नका. डॉक्टरांना सरळ सांगा की मांजर हाताला येत नाही, इंजेक्शनवर भागेल का. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी सांगितली तर अजून बरं, म्हणजे ते विरघळणारे टाके आतून घालतात आणि टाके काढायला पुन्हा पकडापकड नको. भीती कमी करायला गॅबापेंटिन देतात, तेही चालतं. फक्त मेडिकलवाल्याकडून घेताना नाव नीट वाचा. आपल्याकडे त्यात नॉर्ट्रिप्टिलीन मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, त्या नकोत.

प्रश्न : टाके चावू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकूसारखा पट्टा घातला तर उलटी उलटी चालते, भिंतीला धडकते. काढून टाकू? (आरमोरी)

एक दिवस थांबा. उलटं चालणं, दगडासारखं बसून राहणं हे पहिल्या दिवशी होतंच. वाटी उथळ आणि जरा उंचावर ठेवा, म्हणजे पट्टा न आपटता खाता येईल. कडक प्लास्टिकऐवजी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा, कडेला कापडी पट्टी शिवलेला पट्टा हलका पडतो. तिने तो ओरबाडून काढलाच तर परत घालायला मागे धावू नका. आधी पाहा, ती टाके चावते का नुसतं अंग चाटते. चावत असेल तर पट्टा लागेलच, आणि तो दवाखान्यात गुंगीच्या इंजेक्शनवर घालून घ्यावा.

प्रश्न : मोटारसायकलखाली आलेल्या बोक्याचा मागचा पाय काढावा लागला. अर्धा रानटी आहे, कोठ्यातच राहतो. सध्या टिनाच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवलाय. ऊन तर पाहतच आहात. कधी सोडू? (हिंगणघाट)

टिनाच्या खोलीत दुपारी ठेवू नका. बाहेर 45 असेल तर पत्र्याखाली त्याहून जास्त असतं, आणि पिंजऱ्यातल्या बोक्याला सरकायला जागा नाही. मातीच्या भिंतीची खोली किंवा निंबाखालची दाट सावली पाहा. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं पोतं टांगा, बाकीच्या बाजू मोकळ्या राहू द्या, नाहीतर आत वाफारा धरतो. अंगावर पाणी ओतू नका, टाके भिजतात. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते नेहमीचं, मांजराने तसं केलं तर ती आणीबाणी आहे.

उन्हाळ्यात माशांची दुसरी धास्ती. जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. बैलाच्या जखमेत आपण टर्पेंटाईन ओततो, ते मांजराला कदापि नको. अळ्या दिसल्या तर डॉक्टरांकडूनच साफ करून घ्या.

सोडायचं टाके निघाल्यावर, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवसांनी, आणि डॉक्टरांनी जखम पाहिल्यावर. सोडायचं त्याच्याच कोठ्यात. दुसऱ्या चांगल्या जागी नेऊन सोडावं असं मायेपोटी वाटतं, पण तीन पायांच्या बोक्याला ओळखीच्या उड्या, ओळखीची भोकं आणि ओळखीचे कुत्रे हवेत. मागचा एक पाय नसलेली मांजरं पळतात, चढतात, उंदीरही मारतात. सुरुवातीला गव्हाणीशेजारी दोन-तीन पोत्यांची पायरी रचून द्या. आणि त्याची नसबंदी राहिली असेल तर तीही उरकून घ्या, मारामाऱ्या कमी होतील. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, हाडाचं काम तिथे जमेलच असं नाही. पुढे गरज पडली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था तुम्हाला धरायला हवी.

प्रश्न : दोघी सख्ख्या बहिणी. एकीचं ऑपरेशन झालं, तर दुसरी तिला ओळखतच नाही, अंगावर जाते. (चिखली)

तिला दवाखान्याचा वास येतो, ओळखीचा वास गेलाय. आठवडाभर वेगळ्या ठेवा, अंथरुणाची फडकी रोज अदलाबदल करा, मग दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या. बहुतेकींचं मिटतं.

प्रश्न : डालग्यात घालताना भाटीने मुलाच्या अंगठ्याला कडकडून चावलं. जखमेत तिखट भरलं. आणखी काही करायचं का? (मूल, जि. चंद्रपूर)

तिखट धुऊन काढा. नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रेबीजची लस तिथे फुकट मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घेतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारा. मांजर दहा दिवस डोळ्यासमोर ठेवायचं, पण "पाहू, मांजर मरतं का" म्हणून लस थांबवायची नाही. शिवाय मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, बोट सुजलं की प्रतिजैविक लागतं.

पुढच्या वेळी कोंबड्यांचं डालगं नको. दोन प्लास्टिकचे कॅरेट एकमेकांवर उपडे बांधले की झाला पिंजरा. वरून चादर टाका, मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरा.

प्रश्न : टाके निघाले, जखम भरली. आता आठ दिवस खोलीत होतीच, तर माणसाळवावी म्हणतो. मांडीवर येईल का? वय अंदाजे तीन वर्षं. (दर्यापूर)

मांडीवर येण्याची आशा फार धरू नका. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला तर माणूस त्याला आपला वाटतो. तुमच्या भाटीची ती वेळ कोठ्यात गेली. शुश्रूषेचे दिवसही माणसाळवायचे नसतात. दुखरं अंग आणि माणसाचा हात यांची एकदा सांगड बसली की ती सुटत नाही. म्हणूनच वर सगळ्यांना हात आवरायला सांगितलंय.

आता मात्र सुरुवात करायला हरकत नाही. रोज ठरल्या वेळी तुम्हीच खाणं न्या, जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. पेपर वाचा, शेंगा सोला, पण तिच्याकडे टक लावून पाहू नका. नजरानजर झाली तर डोळे हळूच मिटून उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या प्रयोगात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त येत होती. जवळ आली तर बोट पुढे करा, हुंगू द्या, गाल घासला तरच गालावर खाजवा. पाठीला, पोटाला नाही. शेपटी झटकायला लागली की थांबा.

दोन महिन्यांत ती हातभर अंतरावर बसून खायला लागली तरी पुष्कळ झालं. कोठ्यात परत जायचं म्हणाली तर जाऊ द्या. फक्त कॅरेटचा पिंजरा तिथेच उघडा राहू द्या आणि तिचं संध्याकाळचं खाणं त्यातच ठेवत जा. दर वर्षी रेबीजची लस टोचायला न्यायचंय, तेव्हा ती आपणहून आत बसलेली असेल.