कुटाराची ट्रॉली आणि लाल दीर्घिका

प्रश्न : सर, तुरीला शेंगा भरल्या की रानडुकरांपायी मी वावरात जागलीवर असतो. रात्रभर वर पाहणं होते. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं, की दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, आणि त्यांच्या मोठ्या गुच्छांमधल्या बहुतेक दीर्घिका लालसर, जुन्या ताऱ्यांच्या असतात. त्या मुळातच तशा, की तिथं जाऊन तशा होतात?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ३० वर्षं मी फळ्यावर सर्पिल आणि लंबवर्तुळाकार दीर्घिका काढल्या, पण हे एकाही पोरानं विचारलं नाही. गुच्छाच्या मधोमध बसलेल्या अजस्र दीर्घिका मुळातच तशा म्हणा. त्यांचे बहुतेक तारे १० अब्ज वर्षांपूर्वीच घडून गेले. बाकीच्या पुष्कळ मात्र बाहेरून येतात आणि बदलतात.

कशा, ते घरचंच सांगतो. एकदा सोयाबीनचं कुटार ट्रॉलीत भरून आणत होतो. वारा अजिबात नव्हता. डांबरी लागली, पोरानं ट्रॅक्टर पळवला, अन् घरी पोचेस्तोवर अर्धं कुटार रस्त्यावर! खालची दोन पोती सोयाबीन मात्र जागची हलली नव्हती. गुच्छात दीर्घिकांच्या मधल्या जागेतही वायू असतो, कोट्यवधी अंश तापलेला, पण घनमीटरात जेमतेम हजारभर कण. त्यातून दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं घुसते. तिचा थंड वायू कुटारासारखा मागं उडतो, तारे पोत्यांसारखे राहतात. हा वायू गेला की नवे तारे कशाचे घडणार? निळे तारे अल्पायुषी. ते सरले की लाली उरते. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी हे गणित १९७२ मध्ये मांडलं. पुढं हबल दुर्बिणीनं वायूच्या शेपट्या फुटलेल्या दीर्घिकांचे फोटोच काढले.

दुसरी रीत संथ. विहिरीत पाणी आहे, पण झरे बुजले, तसं. बाहेरचा ताजा वायू येईनासा होतो, आतला हळूहळू संपतो.

पुरावा मला आवडतो तो बुचर आणि ओमलर या खगोलशास्त्रज्ञांचा. १९७८ मध्ये त्यांनी इतक्या लांबचे गुच्छ तपासले, की तिथला प्रकाश चार-साडेचार अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे दिसतं ते तेव्हाचं रूप. त्यांत निळ्या दीर्घिका जवळच्या गुच्छांपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. म्हणजे लाली मागाहून चढली.

आपल्याला सगळ्यांत जवळचा मोठा गुच्छ कन्या राशीत, सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षांवर. त्याला दुर्बीण लागेल. आपली आकाशगंगा अशा गुच्छात नाही, तिच्याकडं वायू अजून शिल्लक आहे. जागलीवर असाल तेव्हा मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली पाहा. एक धुरकट ठिपका दिसेल. तो आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग, तिथं तारे जन्मतायत.