पहिल्या कॉन्फरन्सच्या आधी
भाऊ, नंदुरबारच्या धडगावात बसून ग्लोबल हेल्थ (जगभरच्या आरोग्यप्रश्नांचं काम) कसं करणार ही काळजी सोड, सिकल सेल, कुपोषण, टीबी सगळं तुझ्या दारातच आहे आणि बाहेरच्यांना तेच ऐकायचंय.

सुरुवातीला एवढंच:
- डब्ल्यूएचओचे ऑनलाइन कोर्स मोफत असतात, टीडीआरचा (डब्ल्यूएचओतला उष्णकटिबंधी आजारांवरचा संशोधन कार्यक्रम) इम्प्लिमेंटेशन रिसर्चचा, म्हणजे उपाय प्रत्यक्षात कसे राबवायचे त्यावरच्या संशोधनाचा, पण आहे, एकच धर पण पूर्ण कर.
- अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (आपल्या कामाचा थोडक्यात सारांश) पाठवायची शेवटची तारीख कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी असते, ट्रॅव्हल स्कॉलरशिपची पण, नवीन पोरं इथंच चुकतात.
- लय कौतुक करून फी मागणारा मेल आला तर पैसे भरू नको, आयोजक कोण ते आधी बघ.

जिनिव्हा-बर्लिनच्या मोठ्या कॉन्फरन्सचं नंतर बघू. पहिलं पोस्टर राज्याच्या कम्युनिटी मेडिसिन कॉन्फरन्सला लाव. कच्चा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठव, वाचून सांगतो.