दर महिन्याला ‘विज्ञान हादरवणारा’ नवा शोध लागतो, यातलं खरं किती मानायचं?

तुमचा प्रश्न असा की कधी न्यूट्रिनो, कधी देवकण, कधी गुरुत्वीय लहरी आणि आता डार्क एनर्जी म्हणे कमी होतेय, तर या बातम्या सिरियसली घ्यायच्या की स्क्रोल करून पुढे जायचं. मी काही शास्त्रज्ञ नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस आहे, पण हॉस्टेलच्या एका मित्राबरोबर २०११ पासून या बातम्यांवर माझी मिसळीची पैज चालू आहे, त्यामुळे थोडंफार खिशातून शिकलोय.

पहिली पैज न्यूट्रिनोवर, म्हणजे कशालाही जवळजवळ न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न या कणांच्या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो जमिनीच्या पोटातून ७३० किलोमीटर जाऊन इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या लॅबमध्ये प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. मित्राचा रात्री अकराला फोन, “आइन्स्टाइन गेला रे!” मी म्हटलं लाव पैज. म्हणजे मला लय कळत होतं अशातला भाग नाही, पण १९८७ च्या सुपरनोव्हाबद्दल, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याबद्दल, वाचलेलं होतं. तो तारा आपल्यापासून १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं लांब, आणि त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या फक्त तीनेक तास आधी आले, ते पण पळाले जोरात म्हणून नाही, तर ताऱ्याच्या आतला प्रकाश बाहेर पडायलाच वेळ लागतो म्हणून. ऑपेराचा वेग धरला तर ते चार वर्षं आधी येऊन बसायला हवे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये कळलं की जीपीएसची वेळ आत आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट आवळलेला नव्हता. लूज कॉन्टॅक्ट! माझ्या धंद्यात दिवसाला दोन निघतात असले. पण त्यांना हसू नका, त्या लोकांनी आधी कित्येक महिने स्वतःच चूक शोधली, सापडली नाही तेव्हा सगळ्यांसमोर आकडा ठेवून “तुम्ही बघा बरं” असं म्हणाले, आणि नंतर केबल सापडली तर ते पण त्यांनीच सांगितलं. मिसळ मात्र मी खाल्ली.

याच्याहून भारी किस्सा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा, १९९८ पासून तिथे अधूनमधून विचित्र रेडिओ सिग्नल यायचे, दिवसाउजेडी, त्यातही जास्त करून जेवणाच्या आसपास, आणि २०१५ मध्ये उलगडा झाला की कोणीतरी चालू मायक्रोवेव्हचं दार टिंग व्हायच्या आधीच उघडतंय. मजा म्हणजे त्याच दुर्बिणीने पकडलेले तसेच दिसणारे दुसरे सिग्नल, ज्यांना फास्ट रेडिओ बर्स्ट म्हणतात, ते खरंच दूरच्या आकाशगंगांमधून येणारे निघाले. मायक्रोवेव्हमुळे बिचाऱ्यांवर उगाच संशय.

मग मी आपटलो. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांना, ॲटलास आणि सीएमएसला, ग्राफमध्ये ७५० जीईव्हीपाशी (जीईव्ही म्हणजे कणांचं वजन मोजायचं माप) एक छोटा उंचवटा दिसला. तीन वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, हिग्ज बोसॉन १२५ जीईव्हीला असाच उंचवटा होऊन आला होता (यालाच पेपरवाले ‘देवकण’ म्हणतात, ते नाव शास्त्रज्ञांना आवडत नाही, मलापण नाही), त्यामुळे मी छातीठोकपणे सांगितलं की हा नवा कण, लिहून घे. मी एकटा नाही हां, जगभरातून पाचशेच्या आसपास पेपर आले त्या उंचवट्यावर. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट!

हे असं का होतं ते लुडोवरून बघा. सलग तीन वेळा सहा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. तुमच्या घरात पडले तर तुम्ही म्हणाल फासा टाकणाऱ्याने चिटिंग केली, पण गावातली हजार घरं लुडो खेळत असतील तर कुठेतरी पडणारच की. सर्नमध्ये असे ढीगभर ग्राफ बघतात. म्हणून कणवाल्यांनी स्वतःला नियम घालून घेतलाय, पाच सिग्मा, म्हणजे मुळात काहीच नसताना निव्वळ नशिबाने एवढा मोठा उंचवटा यायची शक्यता ३५ लाखांत एक, तेव्हाच ‘शोध’ म्हणायचं. हिग्जने तो गाठला. गुरुत्वीय लहरींनी (अवकाशालाच हलवत जाणाऱ्या लाटा) पण गाठला: अमेरिकेत तीन हजार किलोमीटर लांब असलेल्या लायगोच्या दोन यंत्रांना १४ सप्टेंबर २०१५ ला सात मिलिसेकंदांच्या फरकाने तीच थरथर जाणवली, तरी पाच महिने तपासून मग फेब्रुवारीत तोंड उघडलं. याचंच भावंड आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेत.

त्यामुळे बातमीत मी आता दोनच गोष्टी बघतो, सिग्मा किती आणि दुसऱ्या कोणाला तेच दिसलं का. जून २०२३ ची पल्सारवाली बातमी घ्या. पल्सार म्हणजे घड्याळासारखे टिकटिक करणारे मेलेले तारे, त्यांच्या टिकटिकीत वर्षानुवर्षांचा अगदी बारीक फरक पकडून गुरुत्वीय लहरी शोधायच्या, अशा लहरी की एक लाट जायलाच काही वर्षं लागतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन, सगळ्यांनी एकाच वेळी “बहुतेक दिसतंय” म्हटलं, आणि युरोपवाल्यांबरोबर आपली नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण होती. पाच सिग्मा तेव्हा झाले नव्हते, पण इतके जण वेगवेगळ्या दुर्बिणींनी तेच म्हणतायत म्हटल्यावर मी इथे पैजच लावली नाही. (विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, जाऊन या, फक्त मोबाईल बंद ठेवा, मायक्रोवेव्हची गोष्ट वाचलीत ना.)

आता तुमची डार्क एनर्जी. १९९८ मध्ये कळलं की विश्व नुसतं फुगत नाही तर फुगण्याचा वेग वाढतोय, त्यामागे जे काही आहे त्याला हे नाव दिलं, आणि सगळे धरून चालले की ती कायम एकसारखी. ॲरिझोनातल्या डेझी (DESI) नावाच्या दुर्बिणीवरच्या प्रयोगाने पाच हजार रोबोटिक फायबर लावून जवळजवळ दीड कोटी आकाशगंगा आणि क्वेसार (दूरच्या आकाशगंगांचे झगझगीत गाभे) मोजले आणि मार्च २०२५ मध्ये म्हणाले की ती हळूहळू क्षीण होतेय असं दिसतंय. सिग्मा? अंतर मोजायला सोबत सुपरनोव्हांचा कुठला डेटा जोडता त्यावर २.८ ते ४.२. आता जोडीदार बदलला की उत्तर बदलतं, इथेच मला शंका येते. मित्र म्हणतो खरं आहे, मी म्हणतो सुपरनोव्हांच्या मोजणीत कुठेतरी कनेक्टर सैल असणार. या वेळी पैज दोन मिसळ, एक्स्ट्रा पाव, वर ताक. डेझीचा पुढचा डेटा यायचाय, तोवर तो रोज मला “हरलास” म्हणून मेसेज टाकतो.