जळकी बॅटरी दुकानदाराला परत देऊ का?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातला शेतकरी. दिवाळीच्या आधी तालुक्याच्या दुकानातून गाडीसाठी 6,800 रुपयांची नवी बॅटरी घेतली. पैसे फोनवरून दिले, पक्कं बिल नाही. नवी बॅटरी उंच निघाली, बॅटरी वरून दाबून ठेवणारी जुनी पट्टी बसेना, म्हणून दुकानातल्या पोराने ती सायकलच्या ट्यूबने बांधून दिली. तिसऱ्या दिवशी बॅटरी हलते म्हणून कळवलं, तर दुकानदाराचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "काई होत नाई भाऊ, पट्टी आली का लावून देतो." पुढे ट्यूब सैल पडली तेव्हा मीच ती घरच्या बांधकामाच्या तारेने आवळली. वीसेक दिवसांनी वावरातून पांदण रस्त्याने परतताना गाडी खड्ड्यात आदळली, बॉनेटमधून जाळ निघाला, वायरिंग जळून गेली. बॉनेट उघडताना लहान भावाच्या हातावर ॲसिड उडालं. विमा कंपनी म्हणते हा विद्युत बिघाड, भरपाई बसत नाही. दुकानदार म्हणतो, फिटिंग फुकट केलं होतं. जळकी बॅटरी आणून दे, नवी नेऊन विषय संपव. देऊ का? आणि तारेचं सांगू की नको?

उत्तर :

भाऊ, बॅटरी देऊ नका. उद्या दुकानदार स्वतः घरी आला तरी देऊ नका. तुमच्याकडे पक्कं बिल नाही, म्हणून ती जळकी बॅटरी, रिकामा ट्रे आणि बॉनेट हेच तुमचे साक्षीदार आहेत. ती एकदा दुकानात गेली की "आमची नव्हतीच" म्हणायला वेळ लागत नाही. गाडीही तशीच उभी ठेवा, दुरुस्तीला टाकू नका. बॅटरी मात्र जपून ठेवा, फुटली असेल तर अजून ॲसिड झिरपत असेल. हातमोजे घालून प्लास्टिकच्या टोपल्यात उभी ठेवा, गोठ्यापासून आणि लेकरांपासून लांब. सांडलेल्या जागी खायचा सोडा टाका. भावाचा हात सरकारी दवाखान्यात दाखवला नसेल तर आजच दाखवा, आणि ॲसिडने भाजल्याचं केसपेपरवर लिहून घ्या.

आता तारेचं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या एका ओळीची वाटली. सांगायचं. ग्राहक आयोगात तक्रार केली की सोबत शपथपत्र द्यावं लागतं, त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. शिवाय नुकसान तपासणाऱ्या विम्याच्या सर्वेअरने काढलेल्या फोटोंत ती तार दिसत असणारच. लपवलेली गोष्ट समोरच्याने दाखवली की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पण ती तार किती आड येईल, हे जळल्याच्या खुणा कुठे आहेत त्यावर ठरेल. बॅटरी फक्त 12 व्होल्टची, हात लावला तर झटकाही जाणवत नाही. मात्र तिचा प्लस गाडीच्या पत्र्याला टेकला की शेकडो अँपिअर करंट धावतो, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूजही नसतो. केबल लाल होते, रबर पेटतं. म्हणूनच कंपनी खालून ट्रे, वरून पट्टी आणि प्लसवर लाल टोपी देते. आता बॉनेटची आतली बाजू नीट बघा. प्लसच्या बरोबर वर पत्रा वितळल्यासारखा काळा डाग असेल, तर उंच बॅटरी उसळून बॉनेटला लागली असा त्याचा अर्थ, आणि त्यात तुमच्या तारेचा दोष निघत नाही. तारच वितळून प्लसला चिकटलेली असेल, तर बाजू अवघड आहे हे मी आताच सांगतो. दोन्ही जागांचे जवळून फोटो काढा. गावात तशाच मॉडेलची दुसरी गाडी असेल तर तिच्या पट्टीचा आणि टोपीचा फोटोही काढून ठेवा, शेजारी ठेवला की तुमच्या गाडीत काय नव्हतं ते कोणालाही दिसेल.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 इथे तुमच्या कामाचा आहे. दुकानदार "फुकट फिटिंग" यावर एवढा जोर देतो, कारण मोफत सेवा त्या कायद्यात सेवा धरली जात नाही. पण तुमचं फिटिंग धर्मादाय नव्हतं. बॅटरीचे पैसे दिले त्याच व्यवहारात, त्याच दुकानात ते झालं. आणि तो मुद्दा बाजूला ठेवला तरी कलम 86 उरतं. वस्तू बसवताना किंवा तपासताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही, किंवा धोक्याबद्दलची निर्मात्याची सूचना गिऱ्हाइकाला दिली नाही, आणि त्यातूनच नुकसान झालं, तर विक्रेता जबाबदार. मापात न बसणारी बॅटरी ट्यूबने बांधून गाडी रस्त्यावर सोडणं, याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही. कलम 87 मात्र त्याच्या बाजूचं आहे: वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात बदल केला तर दावा चालत नाही. तो तारेवर इथेच बोट ठेवेल. त्याला तुमचं उत्तर म्हणजे तो व्हॉट्सॲपचा आवाज. तुम्ही धोका कळवला होता, त्याने "काई होत नाई" म्हणून टाळलं. पट्टी वेळेवर मिळाली असती तर तारेला हात लावायची वेळच आली नसती. तो मेसेज फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागेल, त्याचा मसुदा वकील करून देईल. फोनवरून दिलेल्या पैशांचं स्टेटमेंट बँकेतून शिक्का मारून आणा. बिलाच्या जागी तेच चालवू.

भावाच्या हाताचा खर्चही याच तक्रारीत मागा. तुमच्या संमतीने वस्तू वापरणारा घरचा माणूससुद्धा कायद्याने ग्राहकच असतो.

विम्याची गोष्ट वेगळी, तिची तक्रारही वेगळी करा. आधी पॉलिसी बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काही मिळणार नाही. पॅकेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी, असेल तर नुकसानीच्या कारणांत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं असं लिहिलेलं असतं. विद्युत बिघाड वगळलेला असतो हे खरं, पण डायनॅमो जळणं वेगळं आणि गाडीला आग लागणं वेगळं. कंपनीला लेखी हेच विचारा, आणि सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागा. गाडीची वाजवी काळजी घेतली नाही असं त्यांनी म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा अमलेंदु साहू निकाल दाखवता येईल. त्या प्रकरणात खाजगी गाडी भाड्याने चालवून अट मोडली होती, तरी दावा पूर्ण नाकारू दिला नाही. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, तिथे फी नाही. विमा कंपनीने पैसे दिले तर तेच नुकसान दुकानदाराकडून पुन्हा मागू नका.

दुकानदाराविरुद्धची तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षं. तरी दोन वर्षं थांबू नका, पत्रा गंजला की तो डागही जाईल. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पंधरा दिवस द्या. नोटिशीत बॅटरी आपल्याकडे आहे आणि आयोगाने सांगितलं तर तपासणीला देऊ, असं स्पष्ट लिहा. आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

ट्यूब बांधली तेव्हा दुकानासमोर चहाच्या टपरीवर कोणी ओळखीचं बसलं होतं का, ते आठवून बघा. असेल तर त्या माणसाला कापसाच्या गडबडीत विसर पडण्याआधी भेटा.