आताच्या गाड्यांत यांत्रिक कारागिरी उरलेली नाही, हे खरे आहे का?

आपण लिहिले आहे की आपण हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करता, गाड्यांची मनापासून आवड आहे, पण जुन्या गाड्यांचे शौकीन भेटले की ते "आताची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक, त्यात कारागिरी कसली?" असे ऐकवतात, आणि त्यात तथ्य किती हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी भोसरीतील एका कारखान्याच्या तपासणी विभागात सव्वीस वर्षे काढली आहेत. वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आणि आठ वर्षांपूर्वी घेतलेली एक पेट्रोल हॅचबॅक अशा दोन्ही गाड्या माझ्या दारात उभ्या असतात. त्या अनुभवावरून सांगतो, या मंडळींनी जुनी गाडी बारकाईने पाहिलेली असते, नवीचे मात्र बॉनेटसुद्धा क्वचितच उघडलेले असते.

आधी जुनीबद्दल, कारण तिचे कौतुक खोटे नाही. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन फियाट ११०० वरून आलेले. त्याला इंधन देणाऱ्या कार्ब्युरेटरला विजेची एक तारही लागत नाही. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, तेथील दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे जेटमधून, म्हणजे एका बारीक छिद्रातून, पेट्रोल आपोआप ओढले जाते. ट्युनिंगच्या दिवशी नाना पेठेतील आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे विजेचे संपर्क, पॉलिश पेपरने साफ करीत आणि मग फट मोजण्याच्या फिलर गेजची ०.४ मिलिमीटरची पट्टी त्यांच्या फटीतून ओढून पाहत. पट्टी अडकताही कामा नये आणि सैल जाताही कामा नये, किंचित घासत यायला हवी. त्यानंतर इंजिन चालू ठेवून मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, ते अडखळू लागले की थोडा मागे फिरवायचा आणि सूर एकसारखा लागला की हात काढून घ्यायचा. टॅपेटचा आवाज ऐकण्यासाठी ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला टेकवीत. लहानपणी मला हे डॉक्टर तपासणी करीत असल्यासारखे वाटे, आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटते.

तथापि हे ट्युनिंग एका जागेचे आणि एका हवामानाचे असे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. येथे अचूक बसवलेले मिश्रण पसरणीचा घाट चढून गेल्यावर विरळ हवेमुळे पेट्रोलच्या बाजूला झुकते, गाडी जड चालते आणि धुराला पेट्रोलचा वास येऊ लागतो. मे महिन्यात तर तेवढे वर पोहोचण्याआधीच, खंबाटकीत, इंधनाच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी हमखास बंद पडायची. मग वडील गाडीतल्या इंधनाच्या पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि आम्ही भावंडे दगडावर बसून कलिंगड खायचो. त्या आठवणीत मी आजही रमतो, पण गाडी बंद पडणे ही यंत्राची थोरवी होती असे म्हणण्याइतका भाबडा मी नाही.

आता नव्या गाडीचा संगणक काय करतो ते पाहा. तो मिस्त्रींचेच काम करतो, फक्त ते एकदा करून थांबत नाही. अनेक गाड्यांच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, साठ दात्यांच्या मापाचे एक चाक असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दाता सहा अंशांचा, आणि गाळलेली जागा म्हणजे फेरी कोठे सुरू झाली याची खूण. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगीची वेळ या चाकावरून काढली जाते. पॉइंट, कॅम आणि स्प्रिंग मिळून जे करीत असत तेच हे काम आहे. दुसरीकडे एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर जळालेल्या वायूची चव घेत राहतो. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि त्या प्रमाणापासून मिश्रण ढळले की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक लगेच बदलतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले तेव्हा हे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरले. माझ्या हॅचबॅकने तो बदल मला न विचारता पचवला, पद्मिनीला मात्र मोठे जेट लावावे लागले आणि इंधनाच्या रबरी नळ्याही बदलाव्या लागल्या.

कारागिरी संपली की नाही, याचे उत्तर मला गेल्या वर्षी मिळाले. हॅचबॅकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१७१ हा कोड आला. मिश्रणात इंधन कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेथील मुलाने क्षणाचाही विचार न करता ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले आणि कोटेशन हातात ठेवले. मी गाडी नाना पेठेत नेली. मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत आणि त्यांचा भाचा टॅबलेटवर स्कॅनर चालवतो. त्याने आकडे वाचले, "मामा, आयडलला प्लस वीस दाखवतंय, रेस दिली की पाचावर येतंय." मिस्त्रींनी मान वर न करताच सांगितले, "मग कुठूनतरी हवा ओढतंय. सेन्सर बिचारा खरं बोलतोय, त्याला कशाला बदलता?"

या दोन वाक्यांत सगळे आले. माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या पुढे कोठे फट पडली तर तेथून शिरणारी हवा मोजमापात येत नाही, आणि ती भरून काढण्यासाठी संगणक हिशेबापेक्षा वीस टक्के जास्त पेट्रोल सोडत राहतो. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, ते मुळातच थोडी हवा घेते, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. रेस दिल्यावर खरी हवा वाढते आणि तो वाटा नगण्य होतो. मिस्त्रींनी मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागाला, जोडलेल्या रबरी नळ्या एकेक करून चिमट्याने दाबायला सुरुवात केली. तिसरी नळी दाबताच इंजिनाचा सूर बदलला आणि त्याच वेळी भाच्याच्या पडद्यावरचा आकडा खाली सरकू लागला. नळीला खालच्या बाजूने, जेथे नजर जात नाही तेथे, नखाएवढी चीर होती. कोटेशनच्या पाव रकमेतही नवी नळी बसून काही पैसे उरले. कान मिस्त्रींचा आणि आकडे भाच्याचे; त्या दिवशी यांतले एक जरी नसते तरी चीर सापडायला फार वेळ गेला असता.

कारखान्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या कामाची आहे. आधुनिक डिझेल गाडीत इंधनाचा दाब २००० बारच्या आसपास जातो, आणि तो सांभाळणाऱ्या इंजेक्टरची सुई व तिचे घर यांच्यातील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉनचा धरला तर काय मापाचे ग्राइंडिंग चालते याची कल्पना येईल. एवढे करूनही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. म्हणून अनेक उत्पादक प्रत्येक इंजेक्टर तपासून त्याचा फरक एका कोडच्या रूपाने त्याच्या अंगावरच छापतात, आणि तो बसवताना मेकॅनिकला हा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो. धातूच्या कामात जे शेवटचे केसभर अंतर राहते ते सॉफ्टवेअरने भरून काढायचे, असा हा सौदा आहे. सॉफ्टवेअरवाल्याने आणि टर्नरने मिळून बनवलेली वस्तू म्हणून मला इंजेक्टरइतके चांगले उदाहरण दुसरे सुचत नाही.

आपल्या मित्रांचे एक गाऱ्हाणे मात्र मला मान्य आहे. पद्मिनीत जे बिघडे ते उघडून दुरुस्त करता येई. आता सीलबंद भाग अख्खा बदलावा लागतो, काही गाड्यांत तर हेडलाइटचा बल्ब बदलण्यासाठी बंपर उतरवावा लागतो. हा दोष मांडणीचा आहे, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या माथी मारणे योग्य नाही. आणि २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेले बीएस-६ चे प्रदूषणाचे निकष कार्ब्युरेटर आणि मिस्त्रींचा स्क्रू यांच्या जोरावर पाळता आले नसते, हेही तितकेच खरे. पुण्यातील ज्या वेताळ टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिला एआरएआयची टेकडी हे नाव १९६६ साली स्थापन झालेल्या ज्या वाहन-संशोधन संस्थेवरून पडले, तिच्या प्रयोगशाळांत धुराची हीच मोजमापे चालतात.

आपण सॉफ्टवेअरमधले आहात, तेव्हा सुरुवात सोपी आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा एक साधा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, आणि आठवडाभर फ्युएल ट्रिमचे (संगणक हिशेबापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल सोडतो त्याचे) दोन आकडे, आयडलचा आणि अडीच हजार फेऱ्यांचा, वहीत लिहून ठेवा. इंजिन पूर्ण तापल्यावरचेच आकडे धरा. थंड असताना संगणक ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नाही, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यांवरून काही ठरवू नका.