ट्रॅक्टर घेण्याआधी

बापू, चार एकर वावर आणि हप्त्यावर ट्रॅक्टर, हे ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितो.

मीही घेतला होता. दारात उभा असला की छाती फुगायची. पण आपल्या एवढ्याशा वावरात त्याचं काम मोजक्या दिवसांचं: उन्हाळ्यात नांगरटी, मिरगाच्या तोंडावर वखरणी, पेरणी. एरवी तो नुसता उभा, हप्ता मात्र चालूच. सोयाबीनचा पैसा घरात यायच्या आधीच बँकेत जायचा. तुझ्या काकूनं दिवाळीला लुगडं मागणंच सोडलं होतं, ते मला आजही सलते. शेवटी विकला. आता तासाच्या भाड्यानं बोलावतो, आणि डवरणीला, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायला, बैलजोडी आहेच.

यंत्राशी माझं वैर नाही. विहिरीला पाणी असेल तर आधी ठिबक कर, पाणी अन् मेहनत दोन्ही वाचते. मोबाइलवर भावही पाहा, पण दिवसातून एकदाच. कापूस वेचणीच्या दिवसांत मी तासातासाला पाहायचो आणि भाव पडला की राग घरच्यांवर निघायचा. आता जेवताना फोन देवळीत ठेवतो.

एकदा सेवाग्रामला जाऊन ये. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. मातीच्या कुट्या आहेत, आणि व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोनही आहे. लागेल ती वस्तू तिथेही होती.

सही करण्याआधी घरी ये. डिझेल, दुरुस्ती, हप्ते, सगळं मी वहीत लिहून ठेवलं आहे. दोघं मिळून तुझा हिशोब मांडू.